टोपणनांवें आणि त्यांची साक्ष

परभणी जिल्ह्यांतील मानवत ही कापसाची जुनी पेठ. अशा पेठेंतील आडतीच्या वह्या ज्यांनीं चाळल्या असतील त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आलीच असेल कीं, तेथें कुळाचें नुसतें नांव लिहून भागत नाहीं. भोंवतालच्या एकेका गांवांत चार मारुती आणि सहा विठोबा असावयाचे. तेव्हां त्यांतला कोणता हें ठरविण्यासाठीं प्रथम बापाचें नांव, तें न पुरल्यास गांवाचें नांव, आणि तेंही न पुरल्यास लोकांनीं पाडलेलें नांव लिहावें लागतें. कोणी लंगडा, कोणी बोबडा, कोणी टकला. वही लिहिणाऱ्याच्या दृष्टीनें ती केवळ ओळखीची खूण होय. ज्यास ती चिकटली त्यास ती गोड वाटली कीं झोंबली, हें वही सांगत नाहीं.

जुन्या कागदांच्या अभ्यासकास मात्र हा प्रश्न टाळतां येत नाहीं. एखादें नांव लाडाचें, मानाचें कीं हेटाळणीचें हें ठरल्यावांचून पत्राचा सूर कळत नाहीं. शिवाय दोन नांवांच्या एका पुरुषाचे दोन पुरुष होण्याचें भय असतेंच. नुसत्या शब्दार्थावर हा निर्णय सोंपविणें धोक्याचें आहे. आमचें म्हणणें असें कीं, टोपणनांव आढळलें म्हणजे त्याचा अर्थ काय हें मागाहून पाहावें. तें कोणाच्या लेखणींतून उतरलें आहे हें अगोदर पाहावें. परक्याच्या लेखणींतलें नांव हें परक्याचें मत असतें. तेंच नांव त्या पुरुषाच्या स्वतःच्या सहींत, शिक्क्यांत अथवा कवितेच्या नाममुद्रेंत शिरलें असेल, तर त्यानें तें आपलें मानलें असें समजण्यास आधार मिळतो.

मराठवाड्याच्या कागदांत हा भेद झांकून टाकणारा एक शब्द पदोपदीं भेटतो, तो म्हणजे 'उर्फ'. शब्द अरबी, त्याच्या मुळाशीं लोकांत रूढ असलेलें, सर्वांस ठाऊक असलेलें, असा अर्थ आहे. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि तेथील दफ्तराची भाषा आधीं फारशी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू होती. त्या दफ्तरांतून 'उर्फ' हा शब्द गांवोगांव पक्का झाला व जमिनीच्या उताऱ्यांत आजही टिकून आहे. पण 'उर्फ' म्हणजे लोकांत माहीत, एवढेंच. त्या मनुष्यास मान्य, असा त्याचा अर्थ नव्हे.

शब्दार्थ किती फसवितो याचें सोपें उदाहरण घरोघरचें आहे. दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा हीं नांवें यादींत एकापुढें एक वाचलीं तर तीं कोण्या उद्दाम अंमलदारानें रयतेस ठेविलीं असें अपरिचितास वाटेल. वस्तुतः तीं आईबापांनीं ठेविलेलीं असतात. ज्या घरीं मुलें जगत नसत तेथें नवें मूल दृष्टीस पडूं नये, काळानें त्यास टाकाऊ समजून सोडून द्यावें, म्हणून त्याचें नांव मुद्दाम हलकें ठेवीत. नांव केराचें, भाव जिवाच्या कराराचा. तें पाळण्यांतलेंच नांव असल्यामुळें धनी तें निःसंकोच सांगतो. येथें 'उर्फ' नसतो ही लक्षांत ठेवण्याजोगी खूण आहे.

याच्या उलट, हेटाळणीचा शब्द स्वतःच्या इच्छेनें अंगावर घेतल्याचें प्रसिद्ध उदाहरणही याच प्रांतांतलें आहे. औंढा नागनाथ हें क्षेत्र १९९९ सालीं हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. नामदेवांस तेथें गुरु भेटले ते विसोबा खेचर. संतचरित्रांच्या परंपरेंत यांची कथा अशी कीं, विसोबा चाटी हे आरंभीं ज्ञानदेवादि भावंडांचे द्वेष्टे होते. मुक्ताबाईस मांडे भाजण्यासाठीं खापर मिळूं नये अशी त्यांनीं व्यवस्था केली. परंतु ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजलेले पाहून ते वरमले आणि भावंडांचें उच्छिष्ट खाऊं लागले. तेव्हां त्यांस 'खेचर' म्हणजे खेंचराप्रमाणें हट्टी जनावर म्हणून दूर लोटण्यांत आलें, व तेंच नांव त्यांनीं जन्मभर मिरविलें. दुसरें मत असें कीं, 'खे चरति', आकाशांत संचार करतो तो खेचर. योगमार्गांत खेचरी मुद्रा प्रसिद्धच आहे, तेव्हां हें नाथपंथी साधकाचें गौरवाचें नांव असावें.

या दोन मतांपैकीं एकाचा पक्ष घेऊन भांडण्यापूर्वीं आमची कसोटी लावून पाहावी. विसोबांच्या नांवें चालत आलेल्या अभंगांत 'खेचर विसा' अशी नाममुद्रा आहे. म्हणजे शब्द शिवी म्हणून आलेला असो कीं सिद्धीचें बिरुद म्हणून आलेला असो, धन्यानें तो नाकारलेला नाहीं; उलट आपल्या नांवाच्याही आधीं बसविला आहे. शिवाय त्या बिरुदाशेजारीं त्यानें स्वतःस 'विसोबा' असें म्हटलेलें नाहीं, नुसतें 'विसा' म्हटलें आहे. मोठेपणा मिरविणारा मनुष्य असें लिहीत नाहीं. म्हणून शब्दाची व्युत्पत्ति कांहींही ठरली तरी ज्यानें तो घेतला त्याची वृत्ति नम्रतेचीच दिसते, आणि इतिहासास तेवढें पुरेसें आहे.

हीच रीत सर्व संतमंडळींत आढळते. नामदेव स्वतःस 'नामा' म्हणवितात. परभणी जिल्ह्यांतीलच गंगाखेडची जनाबाई स्वतःस 'जनी' व 'नामयाची दासी' म्हणविते. तुकोबा 'तुका' म्हणवितात. एरवीं असें तोडलेलें नांव धाकट्यास, चाकरास किंवा लाडक्या पोरास उद्देशून वापरावयाचें. संतांनीं तें देवापुढें आपण होऊन घेतलें आणि लोकांनीं त्यास 'देव', 'बा', 'बाई' जोडून परत मानाचें केलें. समर्थांचें उदाहरण तर फारच स्पष्ट आहे. जन्मनांव नारायण, स्वतः घेतलेलें नांव रामदास, लोकांनीं दिलेलें नांव समर्थ. एक दासाचें, एक धन्याचें. पोथी तपासणाऱ्यास यांतून व्यवहारोपयोगी नियम मिळतो. जेथें 'नामा', 'तुका' आहे तेथें कवीचा स्वतःचा सूर असण्याचा संभव असतो. जेथें 'नामदेवराय', 'तुकोबाराय' आहे तेथें शिष्य, लेखनिक किंवा चरित्रकार बोलत असतो. मुद्रेची नक्कल करणें सोपें असल्यामुळें हा नियम एकटा पुरणार नाहीं. तसेंच 'तुकयाबंधु' या मुद्रेनें तुकोबांचे धाकटे बंधु कान्होबा बोलत असतात, हेंही विसरतां कामा नये.

आतां संतांच्या पोथ्यांवरून राजकारणाच्या कागदांकडे वळूं. येथें नाममुद्रेची जागा शिक्का घेतो. छत्रपति शाहू महाराजांचें उदाहरण या विषयांत सर्वांत बोलकें आहे. संभाजी महाराजांचे हे पुत्र १६८२ सालीं जन्मले आणि त्यांचें नांव आजोबांचें म्हणजे शिवाजी असें ठेविलें होतें. १६८९ सालीं ते मोगलांच्या हातीं सांपडले व औरंगजेबाच्या मरणापर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, छावणींत राहिले. आजोबांस लुटारू समजणाऱ्या बादशहानें नातवास 'साव' म्हणजे सचोटीचा ठरविलें व त्यावरून शाहू हें नांव पडलें, अशी कथा ग्रँट डफनेंही नोंदविली आहे. कथा खरी मानली तर या नांवांत नातवाची स्तुति आहे, पण ती आजोबांच्या निंदेवर उभी आहे. असें नांव धन्यास काय वाटलें असेल?

उत्तर शिक्क्यांत आहे. पेशव्यांच्या शिक्क्यांत धन्याचा उल्लेख 'राजा शाहू' असा आहे. सर्व राज्य त्यांस शाहू म्हणूनच ओळखीत होतें. पण महाराजांच्या स्वतःच्या संस्कृत मुद्रेंत शंभुपुत्र 'शिवराज' असें नांव आहे. याचा अर्थ त्यांनीं शाहू या नांवाचा धिक्कार केला असा करूं नये; तें नांव चालूं दिलें, त्याच नांवानें हुकूम चालले. मात्र जेथें वंश आणि हक्क सांगावयाचा तेथें त्यांनीं आजोबांचें नांव सोडलें नाहीं. अठरा वर्षांच्या कैदेनें हांक मारण्याचें नांव बदललें, मुद्रेंतलें बदललें नाहीं. पुढें छावणींतल्या या नांवाचें नशीब असें उघडलें कीं, १७ मार्च १८८४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांतील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले तेव्हां विधिपूर्वक त्यांचें नांव शाहू ठेवण्यांत आलें. एकाचें 'उर्फ' तें दुसऱ्याचें राजनाम झालें.

पेशव्यांचा शिक्का आणखी एका कारणासाठीं पाहण्यासारखा आहे. बाळाजी विश्वनाथांच्या थोरल्या पुत्राचें पाळण्यांतलें नांव विसाजी व धाकट्याचें अंताजी. घरीं पडलेलीं नांवें बाजीराव आणि चिमाजी. 'चिमा' म्हणजे लहानगा. शिक्क्यांत 'बाजीराव बल्लाळ' आलें, विसाजी आलें नाहीं. १७३९ सालीं वसई घेणारा सेनापतिही इतिहासांत त्या लहानग्या नांवानेंच राहिला. एकाच शिक्क्यांत राजा आणि प्रधान दोघेही हांकेच्या नांवांनीं उभे आहेत. परंतु प्रधानानें तें स्वतः घेतलेलें आहे आणि राजाचें तें दुसऱ्यानें लिहिलेलें आहे. लेखणीचा भेद पाहिला नाहीं तर हा फरक दिसणारच नाहीं.

घरचें नांव परक्याच्या हातीं गेल्यावर त्याचा रंग कसा बदलतो हें रघुनाथरावांच्या बाबतींत कळतें. कुटुंबांत ते दादासाहेब, लोकांत राघोबादादा, उत्तरेकडील स्वाऱ्यांमुळें 'राघोभरारी'. सही-शिक्क्यांत ते रघुनाथ बाजीराव. इंग्रजांनीं मात्र त्यांस बहुधा 'राघोबा' म्हणूनच ओळखलें, आणि १७७५ च्या सुरतेच्या तहाच्या हकीकती त्याच नांवानें लिहिल्या गेल्या. 'दादा' या शब्दांतला मान त्या भाषेंत उतरला नाहीं. त्या हकीकतींवरून लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनीं हें नांव उचलतांना तें कोणत्या दारानें आलें हें ओळखावें.

लोकांनीं पाडलेल्या नांवांत न्यायनिवाडाही असतो. 'साडेतीन शहाणे' या नांवांत सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडील देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, व नाना फडणीस अर्धे. मुत्सद्देगिरीच्या जोडीला तलवार नव्हती म्हणून नाना अर्धे, असा त्याचा खुलासा करतात. या पूर्ण शहाण्यांपैकीं विठ्ठल सुंदर १० ऑगस्ट १७६३ रोजीं गोदातीरीं राक्षसभुवनच्या लढाईंत पडले; अर्ध्या शहाण्यानें पुढें पंचवीस वर्षांहून अधिक काळ राज्य संभाळलें. अशा नांवांत त्या पुरुषाचें माप नसतें. मापणाऱ्यांना त्या वेळीं काय मोलाचें वाटत होतें, त्याचें माप असतें. त्या दृष्टीनें तें मोलाचें साधन आहे. नानांच्या योग्यतेचा पुरावा म्हणून तें घेऊं नये.

येथवर आमची कसोटी लेखणी हातीं असलेल्यांस लागू पडली. पण जुन्या कागदांतील बहुसंख्य माणसें लिहिणारीं नव्हतीं. गांवच्या कतब्यांत, कर्जरोख्यांत पाटील-कुणब्यांची 'निशाणी नांगर' असते. वरचें नांव कुळकर्ण्यानें किंवा सावकाराच्या कारकुनानें लिहिलेलें असतें. एकाच कागदांत एकास 'जी', दुसऱ्यास 'बा' आणि तिसऱ्यास नुसतें 'गोंद्या', 'म्हाद्या' असें लिहिलेलें आढळतें. हा फरक माणसांच्या नांवांतला नव्हे, लिहिणाऱ्याच्या मनांतल्या उतरंडीचा आहे. 'गोंद्या' आपल्या घरीं, आपल्या लेकरांत गोविंदबाबाच असेल. त्याच्या हातचें त्या कागदावर जें कांहीं आहे तें एवढेंच, नांगराच्या चार रेघा. अशा ठिकाणीं शीर्षकांत 'गोंद्या' छापणें म्हणजे कारकुनाचा अपमान करण्याचा हक्क आपण पुढें चालविणें होय.

म्हणून पोथ्या व कागद संग्रहीं ठेवणाऱ्यांस आमची तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, यादी करतांना व्यक्तीचें नांव तिच्या स्वतःच्या सहीप्रमाणें किंवा शिक्क्याप्रमाणें मुख्य धरावें आणि इतर नांवें त्याखालीं घेऊन तीं कोणाच्या लेखणींतलीं आहेत हें प्रत्येकापुढें लिहावें. दुसरी, अप्रिय नांव मूळ उताऱ्यांत जसेंच्या तसें ठेवावें. तें गाळल्यास कागद खोटा होतो. मात्र उताऱ्यांत ठेवणें निराळें व शीर्षकीं मिरविणें निराळें. तिसरी, आडनांवांची. लांडगे, गाढवे, बोबडे, टकले, दहातोंडे अशीं अनेक आडनांवें कोणे काळीं एकाच पुरुषास पडलेल्या नांवांची वंशपरंपरा झालेलीं असावींत असें त्यांच्या रूपावरून दिसतें. कांहीं घराणीं तीं अभिमानानें चालवितात, कांहींजण राजपत्रांत जाहिरात देऊन बदलून घेतात. दोन्ही गोष्टी त्यांच्या अधिकारांतल्या आहेत. पण बदललेल्या घराण्याची जुनी वही आपल्याकडे असेल, तर नांव-बदलाच्या राजपत्राची प्रत त्या वहीसच बांधून ठेवावी. नाहींतर पन्नास वर्षांनीं वहींतला पणजा आणि राजपत्रांतला पणतू एकमेकांस ओळखणार नाहींत, आणि ज्या नांवानें एका माणसास मुळांत ओळख दिली त्याच नांवामुळें ती हरवेल.