घरातील संगीत आणि खोलीचा निनाद

निपाणी-बेळगावच्या परिसरात गाण्याची आवड जुनी आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. १९५० साली धारवाडला आकाशवाणी केंद्र निघाले आणि घरी बसून गाणे ऐकण्याची सवय वाढली. आज ध्वनियंत्रे पुष्कळ सुधारली आहेत. तरीही महागडे यंत्र आणल्यावर तान स्वच्छ उमटत नाही, बंदिशीचे शब्द एकमेकांत मिसळतात, असा अनुभव अनेक घरांत येतो. वृद्ध मंडळींना ते शब्द उमगत नाहीत, तेव्हा दोष त्यांच्या कानांना दिला जातो. पुष्कळदा तो दोष खोलीचा असतो.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. यंत्रातून निघालेल्या ध्वनीचा काही भाग सरळ कानी येतो. उरलेला भिंती, छत व जमीन यांवर आपटून मागाहून येतो. विजापूरच्या गोलघुमटात अंतरे मोठी असल्याने एकच टाळी निरनिराळी अनेकदा ऐकू येते. लहान खोलीत ही परावर्तने इतकी लगोलग येतात, की वेगळा प्रतिध्वनी न होता मूळ स्वरामागे निनाद रेंगाळतो.

या निनादाचा नियम अमेरिकेतील वॉलेस सॅबिन या शास्त्रज्ञाने शोधला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका सदोष व्याख्यानगृहाचे काम त्याच्याकडे आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून मांडल्या आणि निनाद किती घटतो हे मोजले. खोलीचे आकारमान जितके मोठे तितका निनाद लांबतो. ध्वनी शोषणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो आखूड होतो, हे त्यातून सिद्ध झाले.

जुन्या कौलारू घरात बराचसा ध्वनी कौलांच्या फटींतून बाहेर जाई. नव्या घरात गिलावा, स्लॅब, गुळगुळीत फरशी आणि काच यांमुळे तो आतच कोंडतो. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशा रिकाम्या खोलीत निनाद सुमारे ३ सेकंद टिकतो. द्रुत तानेत सेकंदाला सात-आठ स्वर येतात. म्हणजे वीसएक स्वरांचे अवशेष एकमेकांवर चढतात. घरच्या संगीताला सुमारे अर्ध्या सेकंदाचा निनाद पुरे.

उपाय साधे आहेत. जमिनीवर जाड सतरंजी व गादी, खिडकीला चुण्या घातलेला जाड पडदा आणि भिंतीशी पुस्तकांचे कपाट असावे. श्रोत्याने आपल्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा. आरशात ध्वनिवर्धक जेथे दिसेल, तेथूनच पहिले परावर्तन येते. तेथे घोंगडी टांगावी. मात्र पातळ कापड केवळ उंच स्वर शोषते. खर्जाच्या ध्वनिलहरी कित्येक मीटर लांबीच्या असतात. त्यांच्यासाठी कापसाची जाड गादी भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी करावी लागते. डग्ग्याचा घुमारा फार वाढत असेल, तर ध्वनिवर्धक कोपऱ्यातून पुढे आणावा. दोन ध्वनिवर्धक व श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा.

याचा अतिरेकही नको. सर्व भिंती झाकल्या, तर तंबोऱ्याची आस हरपून गाणे कोरडे वाटते. तसेच या उपायांनी महामार्गावरील मोटारींचा आवाज थांबत नाही. त्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात.

प्रत्येक बदलानंतर एखादे परिचित गाणे लावून घरातील वडीलधाऱ्यांना शब्द कळतात का, हे विचारावे. नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य करावी. तिला खर्च थोडाच येतो आणि घरातील सर्वांना पुन्हा एकत्र बसून गाणे ऐकता येते.