सिंगापूरला बिऱ्हाड हलवताना

नवऱ्याला सिंगापूरची ऑफर आली, की पहिले चार दिवस फोनवर अभिनंदन घेण्यात जातात आणि पाचव्या दिवसापासून याद्या सुरू होतात. कुकर न्यायचा का, मसाला किती, शाळेचा दाखला कधी काढायचा, सासूबाईंच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला कोण आणून देणार. याद्या करण्यात आपला हात कोण धरणार! पण या सगळ्यांत एक कागद हमखास राहून जातो आणि तो नेमका बाईचा स्वतःचा असतो. म्हणून मैत्रिणींनो, कुकरकडे नंतर वळू. आधी पासचं बघू.

नवरा तिथे एम्प्लॉयमेंट पासवर जातो. त्याचा ठरलेला मासिक पगार किमान ६,००० सिंगापूर डॉलर असेल, तरच बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांच्यासाठी डिपेंडंट्स पास मागता येतो. आई-वडिलांना दीर्घ मुदतीवर न्यायचं तर हाच आकडा १२,००० होतो. ‘आईंना वर्षभर घेऊन जाऊ’ असं आधीच कबूल करून बसू नका. अर्थात भेटीला त्या येऊ शकतात, तो भाग वेगळा. कधीकधी गाडी उलटीही असते, नोकरी तिला मिळते आणि नवरा डिपेंडंट म्हणून जातो. नियम तेच.

डिपेंडंट्स पास त्या एका नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की कंपनी पास रद्द करते आणि त्याबरोबर घरातल्या सगळ्यांचे पास जातात. आवराआवर करायला सहसा तीस दिवस मिळतात. तीस दिवसांत घर, शाळा, बँक, सामान! त्यामुळे कागदपत्रांची फाइल कुठे आहे, घराचा करार काय म्हणतो, खात्यात किती आहेत, हे ‘ह्यांना विचारून सांगते’ या सदरात ठेवून चालत नाही. घराच्या करारावर दोघांची नावं घाला. बँकेत एक खातं तरी स्वतःच्या नावाचं असू द्या. सिंगपास म्हणजे तिथली सरकारी डिजिटल ओळख, बहुतेक कामं त्यावरच होतात. तो स्वतःचा काढा, स्वतःच्या मोबाइलवर.

आता नोकरीचं. पूर्वी डिपेंडंट्स पासवरच्या बाईला नोकरी मिळाली की कंपनी एक संमतीपत्र काढायची आणि काम सुरू. ज्या आधी जाऊन आल्या आहेत त्या अजूनही हेच सांगतात, ‘अगं काही नसतं, एक पत्र लागतं.’ ते १ मे २०२१ पासून बंद झालं. आता नोकरी करायची तर तुम्हाला स्वतःचा वर्क पास लागतो. शिकलेल्या बाईसाठी तो बहुधा एम्प्लॉयमेंट पास. २०२५ पासून त्यासाठीचा किमान पगार ५,६०० डॉलर आहे. वित्तक्षेत्रात तो ६,२०० आणि वय वाढेल तसा आणखी चढा. शिवाय सप्टेंबर २०२३ पासून ‘कंपास’ नावाची गुणपद्धत आहे. तुमचा पगार, पदवी, कंपनीत किती देशांचे लोक आहेत, स्थानिक किती, यावर गुण मिळतात. म्हणजे चाळिशीतल्या बाईला, मध्ये मुलांसाठी पाच-सात वर्षं थांबलेली असेल तर, हे दार चांगलंच जड जातं.

मग ‘घरच्या घरी काहीतरी करीन’ असा विचार मनात येतो. डबे, मोदकांच्या ऑर्डरी, ब्लाउज शिवणं, गणिताच्या शिकवण्या. आपल्याकडे या गोष्टींना कोणी परवानगी विचारत नाही. तिथे वर्क पासशिवाय स्वतःचा धंदा करणं हासुद्धा गुन्हा ठरतो, मग गिऱ्हाईक ओळखीतलं का असेना. कंपनी काढून किमान तीस टक्के भागभांडवल स्वतःकडे ठेवणाऱ्या डिपेंडंट पासधारकांना संमतीपत्राची एक वाट अजून आहे, पण त्यात स्थानिक माणसाला नोकरीवर ठेवण्याची अट असते. पुण्यातल्याच कंपनीचं काम सिंगापुरातून घरी बसून करायचा बेत असेल, तर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडून आधी लेखी खात्री करून घ्या.

माझं स्पष्ट मत असं, की इथली नोकरी तडकाफडकी सोडू नका. बिनपगारी रजा मिळत असेल तर वर्षाची घ्या. पदवीची मूळ प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका बरोबर ठेवा, कारण पाससाठी पदवीची पडताळणी लागते आणि ती विद्यापीठाकडून करून घ्यायला आपल्याकडे किती हेलपाटे पडतात ते वेगळं सांगायला नको. आणि नवऱ्याच्या पगाराची बोलणी चालू असतानाच आकडेमोड दोघांनी मिळून करा. दोन पगारांतून एका पगारावर येताना त्या पगाराचे रुपये करून खूश व्हायचं नसतं. तिथलं भाडं, शाळेची फी आणि विमा त्यातून वजा करून बघायचं असतं.

पाससाठी लागणाऱ्या कागदांतही आपल्या नावांचा घोळ असतोच. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतंच पाळण्यातलं. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने हे जुळवायला घ्या. लग्नाची पत्रिका आणि अल्बम चालत नाही, विवाहनोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. मराठीतल्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना गोवर आणि घटसर्पाच्या लसींचा पुरावा द्यावा लागतो. डॉक्टरांच्या अक्षरातलं ते जुनं लसीकरणाचं कार्ड आता शोधून ठेवलेलं बरं.

घर शोधताना भेटणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे तिथल्या सरकारी यादीत दोन मिनिटांत बघता येतं. घर न बघता इसार पाठवू नका, फोटो कितीही सुंदर असोत. करार बहुधा दोन वर्षांचा असतो, अनामत दर वर्षामागे एका महिन्याचं भाडं या हिशेबाने. करारावरचं मुद्रांक शुल्क भाडेकरूनेच भरायचं, एकूण भाड्याच्या ०.४ टक्के. त्यात एक कलम मात्र मागून घ्या. त्याला म्हणतात डिप्लोमॅटिक क्लॉज, पण त्याचा डिप्लोमसीशी काही संबंध नाही. नोकरी गेली किंवा बदली झाली तर साधारण वर्षभरानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं, इतकाच त्याचा अर्थ. ते नसेल तर वर सांगितलेल्या तीस दिवसांत उरलेल्या महिन्यांचं भाडंही मानेवर बसतं.

दुसरं, आपल्या जिव्हाळ्याचं. जाहिरातीत ‘लाइट कुकिंग ओन्ली’ असं लिहिलेलं दिसेल. घरमालकाच्या डोळ्यांसमोर उकडलेले नूडल्स असतात आणि आपल्या डोळ्यांसमोर पिठलं-भाकरी. फोडणीचा वास पडद्यांत बसतो म्हणून भारतीयांना घर नाकारणारे मालक आहेत. हे बोचतं. पण गप्प राहून, घर घेऊन, खिडक्या लावून भीत भीत मिरच्या परतण्यापेक्षा ‘आम्ही रोज दोन वेळा स्वयंपाक करतो’ असं आधी सांगावं आणि करारात तसं लिहून घ्यावं. सरकारी वसाहतींतल्या म्हणजे एचडीबीच्या घरांची भाडी कमी असतात. मात्र तिथे प्रत्येक इमारतीत परदेशी भाडेकरूंचं प्रमाण ठरलेलं असतं, ते भरलं की ते घर तुम्हाला मिळत नाही. त्यात मालकाची काही चूक नसते. ताबा घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, टाइलवरची प्रत्येक चीर फोटोत घ्या आणि मालकाला त्याच दिवशी पाठवा. अनामतीवरची भांडणं तिथेच मिटतात.

आणि हो, कामाची बाई! सकाळी येऊन भांडी घासून जाणारी बाई तिथे नाही. घरकामगार ठेवायची तर ती घरातच राहते, तिच्या नावाने तुम्हाला पास काढावा लागतो, महिन्याला ३०० डॉलर सरकारी कर, विमा आणि तिचा पगार वेगळा. २०१३ पासून तिला आठवड्याला एक सुट्टी देणं कायद्याने आलं आणि २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैसे देऊनही बुडवता येत नाही. ती इंडोनेशिया, फिलिपिन्स किंवा म्यानमारमधून स्वतःची मुलं मागे ठेवून आलेली असते. शेजारणीच्या बाईला ‘दोन तास पाठव ना’ म्हणणं हा तर गुन्हाच. फक्त तासापुरती साफसफाई हवी असेल तर तशा कंपन्या आहेत.

आता बॅग. प्रेशर कुकर अवश्य न्या. मिक्सरही न्या, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. फक्त प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. डाळी-तांदळाने वजन वाढवू नका, लिटिल इंडियात सगळं मिळतं. पण एक वस्तू अजिबात नाही, खसखस! अफूच्या बोंडातली म्हणून ती तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात सापडते. नुसती पुडी न नेणं पुरेसं नाही. अनारसे, बाळंतिणीसाठी आईने प्रेमाने वळलेले डिंकाचे लाडू, मालवणी नाहीतर कोल्हापुरी मसाला, यांत खसखस असते की नाही ते विचारून घ्या. आईला आधीच सांगा, म्हणजे ती त्याशिवायचे लाडू करील. तंबाखू, गुटखा, जर्दा आणि ई-सिगारेट हेही नाही. खोकल्याचं कोडीनयुक्त औषध, झोपेच्या गोळ्या, वेदनाशामक औषधं यांना आधी परवानगी लागू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट ठेवा. उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमनपत्र भरायचं असतं. ते फुकट आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ खोटं समजा.

पैठणी न्याल तर जपा. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावरचं गाव ते, बारा महिने दमट. बंद कपाटात चपलांवर आणि रेशमावर बुरशी धरते. ओल शोषणारे डबे तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतात, ते कपाटात ठेवा.

बाजाराला सेरंगून रोडवरच्या टेक्का सेंटरला जावं. खाली भाजी, नारळ, कढीपत्ता आणि मासळी. कोकणातल्या मैत्रिणींनो, नावं तेवढी शिकून घ्या. बांगडा म्हणजे कंबोंग, सुरमई म्हणजे तेंगिरी, पापलेट म्हणजे बावल. मासे विकणाऱ्याला ‘अंकल’ आणि चहावालीला ‘आंटी’ म्हणायचं, आपल्या काका-काकूंसारखं. ‘कॅन?’ असं विचारलं की ‘कॅन’ किंवा ‘कॅनॉट’ असं उत्तर येतं. व्याकरण बाजूला ठेवलं तर यापेक्षा सोपी भाषा नाही.

हॉकर सेंटरमध्ये रिकाम्या टेबलावर रुमालाचं पाकीट पडलेलं दिसलं तर तिथे बसू नका. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाचाच तो सख्खा भाऊ! जेवून झाल्यावर ताट आपलं आपण नेऊन ठेवायचं, २०२१ पासून न ठेवल्यास दंडही होऊ शकतो. शाकाहारी मंडळींनी मात्र ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगून थांबू नये. भाजीतही सुकट घातलेलं वाटण म्हणजे बलाचान असू शकतं, किंवा ऑयस्टर सॉस. चिनी बौद्ध पद्धतीचे शाकाहारी गाळे खात्रीचे, तिथे तर कांदा-लसूणही बहुधा नसतो. आपली चतुर्थी तिथे आरामात निभावते. ताटातलं मटण दिसेल ते सोयाचं असतं, दचकू नका.

गाडीचा विचार पहिल्या वर्षी तरी सोडून द्या. गाडी ठेवण्याच्या दहा वर्षांच्या परवान्याचा लिलाव होतो आणि अलीकडे तो लाख डॉलरच्या आसपास गेला आहे. मेट्रो आणि बस उत्तम आहेत. रात्री दहाला एकटीने घरी येताना मागे वळून बघावं लागत नाही, आणि हे सुख काय असतं ते तिथे राहून आलेल्या बाईलाच विचारा.

आजारपण मात्र महाग. सरकारी सवलत नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे. कंपनीच्या विम्यात बायको-मुलं आहेत का, बाळंतपण आहे का आणि असेल तर किती महिन्यांनंतर, हे तीन प्रश्न निघण्यापूर्वी विचारा. तिथे मूल झालं तरी ते तिथलं नागरिक होत नाही. ४२ दिवसांत त्याचा पास काढायचा आणि वर्षाच्या आत भारतीय उच्चायुक्तालयात नोंद करायची. ओल्या बाळंतिणीला या धावपळी कोणी सांगत नाही.

तुळस लावाल, लावाच. फक्त कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूमुळे तपासनीस घरात येऊन बघतात, अळ्या सापडल्या तर दंड होतो.

मुलांच्या शाळेचं ठरवताना, दोन-तीन वर्षांत परतायचं असेल तर सीबीएसई शिकवणाऱ्या भारतीय शाळा सोयीच्या. तिथल्या सरकारी शाळांत परदेशी मुलांना जागा सगळ्यांत शेवटी मिळते आणि वर्ष जानेवारीत सुरू होतं. या सरकारी शाळांत मातृभाषा म्हणून तमिळ आहे, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दूही घेता येते. मराठी नाही. आपली मुलं बहुधा हिंदी घेतात. ज्या गावात २०११ साली विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथे आपली भाषा घरात आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतच कानांवर पडते. तेव्हा बॅगेत शेवटी जागा उरेल तिथे लोणच्याची चौथी बरणी न कोंबता अंकलिपी आणि पहिलीचं बालभारती ठेवा. वजन पाव किलोसुद्धा होत नाही.