मागच्या गिअरची कैफियत

ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या मार्गावर, नवी मुंबई महानगरपालिकेच्या उत्तर सीमेपाशी वसलेल्या दिघ्यात, एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि मधल्या पट्ट्यात कारखाने व दाट वस्ती अशी रचना असल्यामुळे, घरापासून कामाच्या जागेपर्यंतचे अंतर पायी चालण्यास थोडे अधिक आणि रोज रिक्षाचे भाडे भरण्याच्या मानाने थोडे उणे पडते. त्यात जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव हे रेल्वेस्थानक सुरू झाल्यापासून स्थानकापर्यंतच्या वाटेची भर पडली आहे. अशा अंतरासाठी सायकलीइतके योग्य वाहन दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. मुले मोठी झाली की गृहसंकुलांच्या जिन्याखाली धूळ खात पडणाऱ्या गिअरच्या सायकली अल्प किमतीत मिळतात. परंतु त्या घेणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे मागचा गिअर लागत नाही, लागला तर टिकत नाही, आणि टिकला तरी खडखडत राहतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा हा प्रश्न कोणापुढे उभा राहणे शक्यच नव्हते, कारण एका दातेरी चकतीवरून दुसरीवर साखळी ढकलणारा डिरेलर त्या काळी प्रचारात आलेला नव्हता. पुढे तो आला, तरी ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीत त्याला मुभा मिळाली ती १९३७ साली. कित्येक दशके चालकाने दांडी अंदाजाने सरकवावी आणि आवाजावरून साखळी नीट बसल्याची खात्री करून घ्यावी, अशीच वहिवाट होती. १९८४ साली शिमानो या जपानी कंपनीने ‘कट्’ असा आवाज करीत ठरावीक टप्प्याने सरकणारी रचना बाजारात आणली आणि आजच्या बहुतेक गिअरच्या सायकली त्याच तत्त्वावर चालतात. हँडलवरच्या शिफ्टरने एक टप्पा घेतला की वायर ठरावीक अंतर ओढली जाते, डिरेलर तितकाच आत सरकतो आणि साखळी मोठ्या चकतीवर चढते. उलट टप्पा घेतला की वायर सैल सुटते आणि डिरेलरमधली स्प्रिंग त्याला बाहेर, लहान चकतीकडे आणते. सात गिअरांच्या फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरील चकत्यांच्या जुडग्यात, दोन शेजारच्या चकत्यांच्या मध्यांत केवळ पाच मिलिमीटरांचे अंतर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढ्याशा फरकाने सगळा कारभार का बिघडतो ते उमगते.

येथेच एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. डिरेलरवर दोन बारीक स्क्रू समोरच दिसतात, आणि गिअर बिघडला की स्क्रू ड्रायव्हर घेऊन तेच पिळण्याचा मोह सर्वांना होतो; वास्तविक ते स्क्रू साखळीच्या मुलुखाच्या दोन टोकांच्या सीमा तेवढ्या आखून देतात, मधल्या गिअरांशी त्यांचा काही संबंध नसतो, आणि कोणी छेडल्यावाचून ते सहसा ढळतही नाहीत. दोष बहुधा अन्यत्र असतो, आणि तो शोधण्याचा क्रम सोडला की दुरुस्ती करता करता नवे बिघाड उत्पन्न होतात.

प्रथम मागचे चाक चौकटीच्या खाचेत सरळ व पुरते बसले आहे ना, ते पाहावे. मग सायकलीच्या मागे उकिडवे बसून, साखळी मधल्या चकतीवर ठेवून, डिरेलरची दोन छोटी चाके वरच्या चकत्यांशी एका उभ्या रेषेत आहेत की नाहीत ते न्याहाळावे. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर सुटा असल्यास मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, जेणेकरून आघात त्याने सोसावा आणि चौकट वाचावी. सायकल उजव्या कुशीवर एकदा जोरात पडली, की तो आत वाकतो. वाकलेल्या हँगरवर वायर कितीही ताणली तरी दोन गिअर जुळतात आणि उरलेले बिघडतात. एवढेच नव्हे, तर सर्वांत मोठ्या चकतीवर असताना डिरेलर चाकाच्या तारांत अडकून चाक जागच्या जागी थांबण्याचा धोका असतो, म्हणून ही तपासणी होईपर्यंत तो गिअर वापरूच नये. पडताळ्याची एक युक्ती जुने कारागीर जाणतात: डिरेलर सोडवून त्याच्या भोकात क्विक-रिलीजच्या दुसऱ्या मागच्या चाकाचा आस फिरवून बसवावा, कारण दोन्हींचे आटे १० मिलिमीटर व्यासाचे व १ मिलिमीटर अंतराचे असतात; मग दोन्ही चाकांच्या रिमांमधले अंतर चहूबाजूंनी सारखे भरले, तर हँगर सरळ आहे असे समजावे. वाकडा निघाल्यास हँगर सुटा असेल तर बदलून घ्यावा, आणि चौकटीचाच भाग असेल तर जाणत्या हाताकडून सावकाश सरळ करून घ्यावा.

हँगर निर्दोष ठरला की संशय वायरीवर येतो, आणि कोकणपट्टीच्या पावसात राहिलेल्या जुन्या सायकलीपुरते बोलायचे तर माझा पहिला संशय तिच्यावरच असतो. ओढताना अंगठ्याचे बळ वायरीच्या मदतीला असते, म्हणून मोठ्या चकतीकडे जाणे कसेबसे निभावते. परतीच्या वाटेवर मात्र स्प्रिंगच्या अंगच्या बेताच्या जोरावर वायरीला आउटरमधून, म्हणजे तिच्या बाहेरच्या नळीतून, सरकावे लागते, आणि तेथे गंज वा चिखल असला की लहान चकतीकडे उतरणे रेंगाळते. म्हणून चढणे सुरळीत आणि उतरणे अडखळते, तर घर्षण आहे असे मानावे. उतरणे सुरळीत आणि चढणे अपुरे, तर वायर सैल आहे. डिरेलरपाशी वळसा घेणारा आउटरचा शेवटचा तुकडा सर्वांत खाली असल्याने पाणी व कारखानी रस्त्यांची धूळ त्यातच साचते. तेवढा तुकडा बदलूनही पुष्कळदा इलाज होतो. तथापि ब्रेकचे आउटर गिअरला लावण्याची काटकसर करू नये: त्यातली तार वेटोळ्याची असते, ती ताणाखाली दबते आणि टप्प्याचा हिशेब चुकवते, गिअरच्या आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून ते दबत नाही.

वायरीनंतर पाळी साखळीची; तिची रुजुवात मोजपट्टीने होते. चोवीस जोडांची लांबी नव्या साखळीत बरोबर बारा इंच भरते; ती इंचाच्या सोळाव्या हिश्शाने वाढली की साखळी बदलावी, आठव्या हिश्शाने वाढली तर चकत्यांचे दातही झिजलेले असतात आणि त्यांवर नवी साखळी घातल्यास ती जोर लावताच उडी मारते. साखळीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच झटका बसत असेल, तर एखादी कडी आखडली आहे. पेडल सावकाश उलटे फिरवून पाहिल्यास छोट्या चाकावरून जाताना ती ताठ उभी राहते आणि ओळखू येते.

एवढे झाल्यावर वायर डिरेलरपाशी जेथे शिरते तेथल्या खाचदार फिरकीला हात लावावा. ती मागून पाहता घड्याळाच्या काट्याविरुद्ध फिरवली की ताण वाढतो. एका वेळी पाव फेरा पुरे, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर चाक उचलून गिअर बदलून पाहावे. शेवटी डोंगराकडे चढत जाणाऱ्या एखाद्या कमी रहदारीच्या गल्लीत सायकल भाराखाली चालवून पाहावी, कारण हवेत उचललेल्या चाकावर जे निर्दोष भासते ते चढणीवर कधीकधी उघडे पडते. नवी वायर व आउटर आपापल्या जागी दबून बसतात, म्हणून पहिल्या काही दिवसांनंतर ताण थोडा ढिला होतो. तेव्हा तीच फिरकी आणखी अर्धा फेरा फिरवावी लागेल.