कंबरदुखीवर ‘ताण’ देण्याचा उपचार

आपल्या भंडारा जिल्ह्यांतील धानाची रोवणी म्हणजे दिवसभर चिखलांत उभें राहून कंबर वांकविण्याचें काम होय. बांधींतून वर येतांना कंबरेवर हात ठेवीत नाहीं असा मनुष्य विरळा. आम्ही महसूल खात्यांत वर्षानुवर्षें बैठें काम करून सेवानिवृत्त झालों व घरची शेती पाहूं लागलों, तों कंबरेनें आम्हांसहि धरिलें. तीन महिने दुखणें हटेना, तेव्हां एका परिचितांनीं ‘कंबरेला वजन लावून घ्या’ असा सल्ला दिला. ह्या उपचाराचा आम्हांस आलेला अनुभव व त्याविषयींचें शास्त्र शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

पाठीचे मणके एकावर एक रचलेले असून त्यांच्यामध्यें मऊ चकत्या असतात. कंबरेंतील चकती फुगून जवळच्या मज्जातंतूस लागली म्हणजे कळ कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत उतरते. आयुर्वेदांत ह्या विकारास गृध्रसी म्हणतात. कणा ओढला तर मणक्यांमधील जागा वाढून तंतूवरील दाब कमी होईल, असा ह्या उपचाराचा तर्क आहे. कल्पना जुनी आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटीस ह्याच्या नांवावरील ग्रंथांत रोग्यास फळीवर बांधून ओढण्याची कृति आहे. सुश्रुतानेंहि मोडलेलें हाड बसविण्याकरितां ‘आंछन’ म्हणजे ओढणें सांगितलें आहे. मात्र हाड बसविणें निराळें आणि जुनाट कंबरदुखी घालविणें निराळें. हल्लीं छातीस व कंबरेस पट्टे बांधून रोग्यास मेजावर निजवितात, आणि शरीराच्या वजनाच्या चौथाईपासून निम्म्यापर्यंत जोर लावून यंत्र पंधरा-वीस मिनिटें ओढतें. संगणकावर चालणाऱ्या महाग यंत्रास ‘डीकॉम्प्रेशन’ असें नांव देतात, तत्त्व तेंच.

आम्हांस पंधरा बैठकी सांगण्यांत आल्या व पैसे आगाऊ घेण्यांत आले. ती रक्कम खरिपाच्या खताकरितां राखून ठेविलेली होती. मेजावर निजलें कीं खरोखर बरें वाटे, परंतु एस. टी.नें लाखनीस परत येईपर्यंत कळ पुन्हां आपल्या जागीं येऊन बसे. पिकाची पैसेवारी लावतात तशी आम्ही रोज सायंकाळीं दुखण्याची पैसेवारी १०० पैकीं लिहूं लागलों. शेवटच्या बैठकीनंतर आंकडे ताडून पाहिले, तों बाकी जवळजवळ जशीच्या तशी निघाली.

असें कां व्हावें? स्वीडनमधील डॉ. नाकेमसन यांनीं १९६० च्या दशकांत चकतींत सुई घालून तेथील दाब मोजला. उभ्या मनुष्याचा दाब १०० धरिला, तर उताणें निजल्यास तो सुमारें २५ होतो, आणि हातांत वजन घेऊन पुढें वांकल्यास २२० पर्यंत चढतो. रात्रभर निजल्यानें चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून मनुष्य सायंकाळपेक्षां सकाळीं किंचित् उंच असतो, व दिवसाच्या कामानें ती उंची पुन्हां उतरते. यंत्रानें मिळविलेली जागाहि उठून कामास लागल्यावर टिकत नाहीं.

२०१३ सालीं कॉक्रेन संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या समीक्षेंत ३२ प्रयोगांतील २,७६२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली आहे. ताण दिल्यानें दुखण्यांत, हालचालींत वा कामावर परतण्यांत फारसा फरक पडल्याचें आढळलें नाहीं. २०२३ च्या डिसेंबरांत जागतिक आरोग्य संघटनेनेंहि जुनाट कंबरदुखीस हा उपचार सरसकट देऊं नये असें सांगितलें व व्यायामास अनुकूलता दर्शविली. कोणासच बरें वाटत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. पण कंबरदुखी कमीजास्त होतच असते. पाऊस येण्याच्या आदल्या दिवशीं धोंडी काढली तर श्रेय धोंडीस मिळतें. यंत्राचेंहि तसेंच होतें.

आमची कंबर पुढें चार महिन्यांत पुष्कळ सुधारली. रोज सकाळीं चालणें व जाणकाराकडून शिकून घेतलेले चार साधे व्यायाम, एवढाच उपाय होता. त्यांत काळाचा वाटा किती व व्यायामाचा किती हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु त्यापायीं कर्ज झालें नाहीं. शेतकऱ्यानें ४० किलोचा धानाचा कट्टा कंबरेंतून वांकून उचलूं नये. गुडघे मोडून, अंगाशीं धरून, शक्य तर दोघांनीं उचलावा. रोवणींत मधून मधून ताठ उभें राहावें. दुखतें म्हणून आठवडेच्या आठवडे खाट धरूं नये.

मात्र लघवी वा शौचावरील ताबा सुटणें, जांघेंत बधिरपणा येणें, पायांतील शक्ति जाणें, ताप येऊन वजन घटणें, किंवा पडल्यानंतर दुखूं लागणें, ह्यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गांठावें. मणक्याचा क्षय वा ठिसूळ हाडें असणारास ओढणें अपायकारक होऊं शकतें. म्हणून निदान झाल्यावांचून यंत्रावर निजूंच नये.

ज्यांस हा उपचार करून पाहावयाचाच असेल त्यांनीं दोन-तीन बैठकींचेच पैसे द्यावे, व गुण किती दिवस टिकतो तें लिहून ठेवावें. त्या वर्षीं आमचें खत उधारीनें आणावें लागलें. वाचकांवर ती पाळी येऊं नये, एवढाच ह्या लेखाचा हेतु.