फवारणी ड्रोनची बॅटरी आणि हंगामाबाहेरचे दिवस

वाशिम जिल्ह्याचा खरीप म्हणजे मुख्यत्वेकरून सोयाबीन व त्यात आंतरपीक म्हणून घेतलेली तूर. जुलै ते सप्टेंबर या काळात खोडमाशी, चक्रीभुंगा आणि पाने खाणाऱ्या अळ्या यांच्या बंदोबस्तासाठी फवारणीची एकच घाई उडते. पाठीवर पंप घेऊन, वाढलेल्या पिकातून चालत केलेल्या या फवारणीत माणसाच्या अंगावर किती औषध येते, याची जाणीव शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने 2017 साली करून दिली. त्या वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. फवारणी करणारा माणूस औषधाच्या तुषारांपासून दूर उभा राहू शकतो, ही रेडिओ-नियंत्रित ड्रोनची पहिली उपयुक्तता होय. वेळेची बचत हा त्यानंतरचा मुद्दा.

या उद्देशाने केंद्र शासनाने 2023 मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेस मान्यता दिली. महिला बचत गटांना ड्रोन संचाच्या किमतीच्या 80 टक्के, कमाल आठ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद त्यात करण्यात आली. योजनेतील संचात ड्रोनसोबतच्या बॅटरी संचाव्यतिरिक्त आणखी चार बॅटरी संच अंतर्भूत आहेत. एवढ्या बॅटऱ्या कशासाठी, असा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारल्यास त्याचे उत्तर सोपे आहे. दहा लिटरची टाकी घेऊन उडणारा ड्रोन एका संचावर दहा-पंधरा मिनिटेच हवेत राहतो. त्या उड्डाणात साधारण एक एकर क्षेत्र होते असे धरले, तर दिवसाला वीस एकरांचे उद्दिष्ट गाठण्यासाठी पाचही संच चार-चार वेळा भरावे लागतात. तात्पर्य, गटाचे उत्पन्न ड्रोनच्या पंख्यांइतकेच या पाच संचांच्या प्रकृतीवर अवलंबून असते.

नेमक्या याच ठिकाणी एक जुनी सवय आडवी येते. ग्रामीण भागाची बॅटरीशी ओळख झाली ती ट्रॅक्टर, जीप आणि इन्व्हर्टर यांच्या शिसे-आम्ल बॅटरीमुळे. ही बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो व ती निकामी होते. म्हणून ‘बॅटरी ठेवायची तर भरून ठेवा’ ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि त्या बॅटरीपुरती ती अचूक आहे. लिथियम बॅटरीचा स्वभाव मात्र निराळा. तिला पूर्ण भरून ठेवणे मानवत नाही आणि पूर्ण उतरवून ठेवणे तर मुळीच मानवत नाही.

याचे कारण घटाच्या रचनेत आहे. लिथियम-आयन घट 1991 मध्ये प्रथम बाजारात आला. त्याच्या एका बाजूस ग्रॅफाइट व दुसऱ्या बाजूस धातूंचे ऑक्साइड असते आणि मधल्या द्रवातून लिथियमचे आयन ये-जा करतात. घट भरला की आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरला की परततात. घट काठोकाठ भरलेला असतो तेव्हा मधल्या द्रवावर विद्युत्‌दाबाचा ताण सर्वाधिक असतो. त्यामुळे तो हळूहळू विघटित होतो, त्यातून वायू निर्माण होतो आणि मऊ वेष्टनाची बॅटरी फुगू लागते. उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने घडते. उलटपक्षी घट फारच उतरला, तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. असा घट पुन्हा भरणे धोक्याचे ठरते.

ड्रोनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिथियम-पॉलिमर घटाचा दाब पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो. तो 3 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. साठवणीस योग्य पातळी 3.8 ते 3.85 व्होल्ट, म्हणजे ढोबळमानाने निम्मी. बारा घटांच्या संचात हे आकडे अनुक्रमे 50.4, 36 आणि सुमारे 46 व्होल्ट असे होतात. लिथियमच्या इतर प्रकारांत आकडे बदलतात. यास्तव संचावरील छापील सूचना प्रमाण मानावी. लिथियम बॅटऱ्या विमानाने माल म्हणून पाठविताना त्या 30 टक्क्यांहून अधिक भरलेल्या नसाव्यात, असा आंतरराष्ट्रीय नियम 2016 पासून लागू आहे. भरलेल्या बॅटरीत कोंडलेली ऊर्जा किती गांभीर्याने घेतली जाते, हे त्यावरून ध्यानात यावे.

साठवण म्हटले की केवळ उन्हाळा डोळ्यांसमोर येतो. परंतु खरे नुकसान ऐन हंगामातही होते. सकाळी लवकर काम सुरू व्हावे म्हणून पाचही संच आदल्या रात्री भरून ठेवले जातात. पहाटे झड लागते आणि ती चार दिवस उघडत नाही. संच तसेच भरलेले पडून राहतात. हंगामात असे तीन-चार वेळा घडले, तरी त्याचा परिणाम उड्डाणाच्या मिनिटांत दिसू लागतो. आता पावसात ड्रोन उडवून संच उतरविता येत नाही. चार्जरवर साठवणीची सोय असते, पण लहान चार्जरची उतरविण्याची शक्ती बेताची असते. बावीस अँपिअर-तासांच्या बारा घटी संचात सुमारे एक युनिट वीज मावते. तो साठवण पातळीवर आणण्यासाठी त्यातील चारशेहून अधिक वॅट-तास बाहेर काढावे लागतात. वीस वॅटच्या गतीने त्यास वीस तासांहून अधिक वेळ लागेल, आणि ते एका संचापुरतेच.

यापेक्षा मुळात न भरणेच शहाणपणाचे. कामावरून आल्यावर संच निवू द्यावेत व साठवण पातळीपर्यंतच भरून ठेवावेत. पहाटे आकाश पाहून ते पूर्ण करावेत. निम्म्यापासून भरायचे असल्याने वेळही कमी लागतो. सकाळी वीज असेल की नाही याची धास्ती रास्त आहे. अशा वेळी दोन संच रात्री भरून उर्वरित सकाळी किंवा शेतावर जनरेटरवर भरता येतात. काम दोन-तीन दिवसांहून अधिक लांबणार असे दिसताच भरलेले संच चार्जरच्या साठवण क्रियेवर लावावेत. उघडीप असल्यास टाकीत साधे पाणी घेऊन मोकळ्या जागी उड्डाण केले तरी चालते. बल्ब जोडून बॅटरी उतरविण्याची युक्ती काही ठिकाणी सुचविली जाते. ती करू नये, कारण एखादा घट इतरांच्या आधी तळाला जातो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीची आणि हरभऱ्याची फवारणी आटोपली, की फेब्रुवारीपासून थेट जुलैपर्यंत ड्रोनला फारसे काम राहत नाही. विदर्भातील कडक उन्हाळा याच रिकाम्या महिन्यांत येतो. टिनाच्या छपराखालची खोली एप्रिल-मे महिन्यांत बॅटरीसाठी सर्वांत वाईट जागा ठरते. जाड भिंतींची, हवेशीर, उन्हाची झळ न लागणारी खोली पाहावी. कीटकनाशके, खते, कडबा व डिझेल तेथे नसावे. बॅटरी ड्रोनला जोडून ठेवू नये. महिन्यातून एकदा प्रत्येक घटाचा दाब पाहावा, तो 3.7 व्होल्टपर्यंत उतरला असल्यास पुन्हा साठवण पातळीवर आणावा. गटाच्या जडसंग्रह नोंदवहीत संचाचा क्रमांक व किंमत लिहिलेली असते. तेथेच दाबाचा एक रकाना आखला, तर बिघडत चाललेला संच जूनमध्ये नव्हे, मार्चमध्येच ओळखता येईल.

शिक्षकवर्गालाही हा विषय परका नाही. शाळांतील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत किंवा विज्ञान मंडळांत रेडिओ-नियंत्रित मोटारी व छोटे ड्रोन असतील, तर त्यांच्या बॅटऱ्या उन्हाळी सुटीपूर्वी याच रीतीने ठेवाव्यात. बंद कपाटात दोन महिने उतरून गेलेली बॅटरी जूनमध्ये विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

फुगलेली, दबलेली किंवा पडून मार लागलेली बॅटरी कधीही भरू नये. ती घराबाहेर, वाळूने भरलेल्या धातूच्या पात्रात ठेवावी. भरताना धूर दिसल्यास शक्य असेल तर मुख्य वीजपुरवठा बंद करून सर्वांनी दूर जावे, कारण तो धूर विषारी असतो, आणि 101 वर कळवावे. निकामी संच भंगारात विकण्याचा मोह टाळावा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 अन्वये जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवणे वापरणाऱ्यावर बंधनकारक आहे. ड्रोन पुरविणाऱ्या संस्थेशी देखभालीचा करार करतेवेळीच हे संच कोण, कोठून व कसे परत नेणार, हे गटाने लेखी मागून घ्यावे.