डोंगराचा पहिलीचा वर्ग

समजा तुमच्या शाळेत असं झालं, की दर वर्षी जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरतो आणि शिमगा जवळ आला की तो अख्खा वर्ग नाहीसा होतो! दुसरी, तिसरी, चौथी मात्र जागच्या जागी. पहिल्या वर्षी कुणाला फारसं जाणवणार नाही. पण पुढच्या वर्षी दुसरीत बसायला कोणी नसेल. मग तिसरीत, मग चौथीत. काही वर्षांनी शाळेची इमारत असेल, घंटा असेल, पण मुलं? एकही नाही.

आमच्या शाळेमागच्या डोंगराचं असंच चाललं होतं. पण ते कळायला आम्हांला एक वणवा पाहावा लागला.

आमची शाळा सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. एका पावसाळ्यात मुलांनी डोंगराच्या उतारावर जांभूळ, आवळा, हिरडा अशी रोपं लावली. प्रत्येक रोपाशेजारी मुलांच्या नावाची पाटी. दिवाळीनंतरही मुलं डब्यातलं उरलेलं पाणी रोज तिकडे नेऊन घालायची. आणि मार्च महिन्यातल्या एका रात्री डोंगरावर लाल रेघ दिसली. सकाळी जाऊन पाहतो तो काय, सगळा उतार काळाठिक्कर! पाट्याही जळाल्या. मुली रडायला लागल्या. तेवढ्यात एक जण म्हणाला, "बाई, मोठी झाडं बघा ना, त्यांना काहीच झालं नाही!"

खरंच की! ऐन, किंजळ आपले उभे होते. बुंधे काळे पडले होते, एवढंच.

जंगल कसं संपतं?

इथंच तर आपण फसतो. आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत पळतो. वाळलेलं गवत आणि पाचोळा हे त्याचं खाणं. जाड सालीची मोठी झाडं त्यातून वाचतात, म्हणून वाटतं, जंगलाला काही झालं नाही. पण वीतभर उंचीची रोपं, जमिनीवर पडलेलं बी, गवतातली पक्ष्यांची अंडी, सरडे, कासवं यांचं काय? म्हणजे डोंगराचा पहिलीचा वर्गच जळतो. उद्या म्हातारी झाडं पडली की त्यांच्या जागी यायला कोणी नसतं.

शिवाय पाचोळ्याचं पांघरूण गेलं की माती उघडी पडते. पावसाची पहिली सर आली की ती वाहून ओढ्यात. मग पाणी मुरणार कसं आणि विहिरीला येणार कुठून?

आग लावतं कोण?

तुम्ही म्हणाल, उन्हामुळे लागत असेल. नाही बरं! आपल्याकडचे जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. कुणी विडी न विझवता टाकतो, कुणी सहलीला आलेला चूल तशीच सोडून जातो. शेतातला राब भाजताना ठिणगी उडते. विदर्भात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि आग पसरते. भारतातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनांना वारंवार आगीचा धोका आहे, असं भारतीय वन सर्वेक्षण या देहरादूनच्या संस्थेच्या २०१९च्या अहवालात म्हटलं आहे.

मग ऊन काय करतं? ऊन सरण रचून ठेवतं! दोरीवरचे कपडे थंडीपेक्षा मे महिन्यात किती लवकर वाळतात ते आठवा. हवा एका अंशाने तापली की तिची पाणी शोषायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ही तापलेली हवा गवतातला, पाचोळ्यातला ओलावा ओढून घेते. नोंदी ठेवायला लागल्यापासून २०२४ हे जगातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. म्हणजे काडी तीच, पण आता ती पडते अधिक वाळलेल्या गवतावर. पूर्वी जी आग बांधापाशी विझायची, ती आता डोंगर ओलांडते.

आजोबांचा प्रश्न

आमच्या वणव्याची गोष्ट अजून संपली नाही. त्या दिवशी सुट्टीत चौथीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. मान खाली. म्हणाला, "बाई, आग आमच्या आजोबांनीच लावली. दर वर्षी लावतात." एवढं बोलून तो रडायलाच लागला. आता सगळी मुलं आपल्याला बोलणार, असं त्याला वाटत होतं. खरं सांगते, क्षणभर मलाही काय बोलावं ते सुचेना.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. आजोबांनी काहीच लपवलं नाही. म्हणाले, "बाई, आमचे वाडवडील लावत आले. जळल्यावर फुटणारं गवत कोवळं असतं, गुरं आवडीनं खातात."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. राखेमुळे पहिला फुटवा हिरवागार येतो. पण उतारावरची राख पावसात वाहून जाते आणि बरोबर माती नेते. मी विचारलं, "आजोबा, तुमच्या लहानपणी ओढा कधीपर्यंत वाहायचा?"

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. "शिमग्यापर्यंत वाहायचा. आता संक्रांतीलाच आटतो." मग म्हणाले, "पण बाई, मी गुरांना घालू काय?"

मुलांनो, हा प्रश्न महत्त्वाचा. नुसतं 'आग लावू नका' म्हणून भागत नाही. शेवटी ठरलं ते असं : गवत पूर्ण वाळण्याआधी, दिवाळीनंतर लगेच कापायचं आणि रचून ठेवायचं. गुरांना वैरण मिळते आणि वणव्याचं खाणंही कमी होतं. आजोबा म्हणाले, "एवढा एक उतार सोडतो. पण वैरण कमी पडली तर मग माझं मला ठरवू द्या!"

वैरण पुरली. दुसऱ्या वर्षी पलीकडच्या डोंगरावरून आग आली, तेव्हा गावानं जाळरेषा काढून ठेवली होती. जाळरेषा म्हणजे गवत-पाचोळा काढून साफ केलेला पट्टा. खायला काही मिळालं नाही, की आग तिथंच अडते. पट्ट्याच्या कडेला ओल्या फांद्यांनी आग झोडपणाऱ्यांत आजोबा सर्वांत पुढे होते!

आणि गंमत ऐका. तीन पावसाळ्यांनंतर त्या उतारावर आम्ही न लावलेलीच रोपं जास्त दिसली. ऐन, कुडा, करवंद. कुठून आली? ती तिथंच होती! दर वर्षी वरचा भाग जळायचा, पण मुळं जमिनीत जिवंत होती. त्यांना हवी होती फक्त काही वर्षांची सवड.

बारीपाड्याचं उदाहरण

अशी सवड एका अख्ख्या गावानं दिली तर? धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. तिथलं जंगल उजाड झालं होतं, प्यायला पाणी मिळत नव्हतं. १९९०नंतरच्या वर्षांत चैत्राम पवार या तरुणानं गावाला एकत्र केलं. गावानं स्वतःच नियम केले, राखण सुरू केली, पाणी अडवलं. आज तिथं ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखलेलं आहे. विहिरींना पाणी आलं आणि रानभाज्या इतक्या झाल्या की गावात त्यांची पाककला स्पर्धा भरू लागली. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

तुम्ही काय कराल?

डोंगरावर सहलीला गेलात तर चूल पेटवू नका, मोठ्यांनाही पेटवू देऊ नका. घरी राब भाजायचा असेल तर वारा पडलेला पाहून, भोवतीचं गवत काढून आणि पाणी जवळ ठेवून भाजा, असं वडिलांना सांगा. राखीव वनात आग लावणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही सांगा. वणवा दिसला तर विझवायला धावू नका हं! आग चढावर फार वेगानं पळते. मोठ्यांना हाक मारा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्यांना फोन करायला सांगा.

आणि येत्या जूनमध्ये रोप लावाल, तेव्हा एक गोष्ट विसरू नका. झाड लावायला एक दिवस पुरतो, पण पुढच्या उन्हाळ्यात ते जळू नये म्हणून सगळं गाव लागतं. आमच्या त्या उतारावर आता नव्या पाट्या आहेत. त्यातली एक चौथीतल्या त्या मुलाची आहे. तो आता हायस्कुलात जातो, पण उन्हाळा लागला की पाटीभोवतीचं वाळलेलं गवत काढायला न चुकता येतो. बरोबर आजोबाही असतात.