गुरू कन्फ्यूशियसपंथी, शिष्य कायदावादी

प्राचीन चीनमधील कायदावादी विचारवंत म्हणजे कन्फ्यूशियसचे हाडवैरी, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. एकीकडे नीती, दुसरीकडे दंड, अशी वाटणी परीक्षेच्या उत्तराला सोयीची पडते. पण हान फेई (मृत्यू इ. स. पू. 233) आणि छिन राज्याचा मंत्री ली स्सू (मृत्यू इ. स. पू. 208) हे कायदावादातील दोन मोठे पुरुष ज्याच्या हाताखाली शिकले, तो शुन्झी कन्फ्यूशियसच्या परंपरेतलाच अग्रगण्य आचार्य होता. या गुरुशिष्य संबंधाची नोंद स्सुमा छ्येन या इतिहासकाराने केली आहे.

यावरून कन्फ्यूशियसच्या शिकवणीतूनच कायदावाद जन्मला असे म्हणणे हा मात्र दुसऱ्या टोकाचा गैरसमज. कायदावादी मंत्री शांग यांगने छिनमध्ये सुधारणा सुरू केल्या त्या इ. स. पू. 356 च्या सुमारास, शुन्झीच्या उदयाच्या बऱ्याच आधी. घरांचे पाचापाचांचे व दहादहांचे गट पाडून एकाच्या गुन्ह्याला सर्वांना जबाबदार धरणे, रणांगणावर कापून आणलेल्या शिरांच्या हिशेबाने पदव्या देणे, ही धोरणे गुरुकुलातल्या वादविवादातून आलेली नव्हती. शेजारी राज्य केव्हा गिळंकृत करील याचा नेम नसलेल्या काळाची ती गरज होती. शिवाय ‘कायदावादी’ हे नाव या मंडळींनी स्वतः घेतलेले नाही. हान फेईच्या मृत्यूनंतर शंभरएक वर्षांनी स्सुमा छ्येनचे वडील स्सुमा थान यांनी विचारपंथांची वर्गवारी केली, तेव्हा हा शिक्का त्यांच्यावर बसला.

मग शिष्यांनी गुरूकडून नेमके काय घेतले? ‘माणूस स्वभावतः वाईट असतो हे शुन्झीचे मत हान फेईने उचलले’, असे ठरावीक उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. शुन्झीच्या मते स्वभाव वाईट असला तरी गुरू, अध्ययन आणि रीतिरिवाज यांच्या बळावर रस्त्यावरचा कोणीही माणूस संतपदाला पोचू शकतो. हान फेई स्वभावाच्या बऱ्यावाईटाच्या वादात फारसा शिरतच नाही. माणूस लाभाकडे धावतो आणि इजेपासून पळतो एवढे त्याला पुरते, कारण तेवढ्यावर बक्षीस आणि शिक्षा ही दोन साधने चालतात. फरक एका दृष्टांतात स्पष्ट दिसतो. वाकडे लाकूड वाफ देऊन, साच्यात दाबून सरळ करावे लागते, तसे माणसाचे आहे, असे शुन्झी सांगतो. हान फेई तोच साचा हाती घेतो, पण म्हणतो की आपोआप सरळ वाढलेल्या लाकडाची वाट पाहिली तर शंभर पिढ्यांत एक बाण होणार नाही. गुरूचा साचा माणसाला आतून घडवण्यासाठी आहे; शिष्याला त्यातून फक्त नेम धरण्याजोगा बाण हवा आहे.

पदाचे नाव आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ हवा, हा आग्रहही दोन्हीकडे आहे. कन्फ्यूशियससाठी तो नीतीचा प्रश्न होता: राजाने राजासारखे वागावे, बापाने बापासारखे. हान फेईकडे येईपर्यंत त्याची प्रशासकीय कसोटी झाली. अधिकाऱ्याने जे करीन म्हटले त्यापेक्षा कमी केले तर शिक्षा, आणि जास्त केले तरीही शिक्षा.

कायदावाद्यांना कुटुंबनिष्ठेचे वावडे होते, हेही अर्धसत्य आहे. बापाने मेंढी चोरल्याचे मुलाने सांगितले, ही गोष्ट कन्फ्यूशियसच्या संवादांत येते. बापाने मुलाला आणि मुलाने बापाला सांभाळून घ्यावे, असा त्याचा कौल होता. हान फेईच्या आवृत्तीत अशा मुलाला मंत्री देहदंड देतो. राजाशी इमानी असलेला प्रजाजन बापाला नकोसा ठरतो, आणि दोघांचे हित एक मानणारे राज्य बुडते, असा त्याचा निष्कर्ष आहे. तर्क धारदार आहे खरा, पण छिनच्या कारभाराने तो जसाच्या तसा पाळला नाही. हूपेइ प्रांतात शुइहूती येथे 1975 मध्ये एका छिन अधिकाऱ्याच्या थडग्यात अकराशेहून अधिक बांबूपट्ट्या सापडल्या. त्यांतील कायद्यानुसार मुलाने आईबापांविरुद्ध केलेली तक्रार काही प्रकरणांत ऐकूनच घ्यायची नव्हती, आणि त्याने हट्ट धरला तर गुन्हेगार तोच. अधिकाऱ्याने कसे वागावे यावरचा एक मजकूरही तिथे आहे. त्यातली निष्ठा आणि प्रजेविषयीची कणव पाहता तो कन्फ्यूशियसपंथीयाने लिहिल्यासारखा वाटतो.

छिनमधल्या इ. स. पू. 213 च्या ग्रंथदहनाचाही असाच सरधोपट अर्थ लावला जातो. ली स्सूचा रोख प्राचीन काळाचे दाखले देऊन चालू राज्यकारभाराला नावे ठेवणाऱ्यांवर होता. वैद्यक, शकुन आणि झाडांची लागवड यांवरचे ग्रंथ वगळले होते, आणि दरबारी पंडितांकडच्या प्रतींनाही हात लावायचा नव्हता. विद्या संपवण्यापेक्षा ती राजसत्तेच्या मुठीत ठेवण्याचा हा बेत होता.

छिनचा पाडाव झाला आणि हान घराण्यात कन्फ्यूशियस जिंकला, हा शेवटचा गैरसमज. सम्राट वू याने इ. स. पू. 136 मध्ये पाच अभिजात ग्रंथांसाठी दरबारी पंडित नेमले, पण त्याच्याच कारकिर्दीत मीठ आणि लोखंड सरकारी मक्तेदारीत गेले. इ. स. पू. 81 मध्ये त्यावर दरबारात मोठा वाद झाला, आणि पंडितांनी कितीही दोष दाखवले तरी दोन्ही मक्तेदाऱ्या टिकून राहिल्या. पुढे सम्राट श्वान याच्या युवराजाने, शिक्षा फार होतात, कन्फ्यूशियसपंथी विद्वानांना कामावर घ्यावे, असे सुचवले. तेव्हा आपल्या घराण्याचा कारभार पहिल्यापासून दोन्ही मार्गांच्या मिश्रणावर चालत आला आहे, असे सम्राटाने त्याला खडसावले.